छबीची उंची

"ह्यांची हाडंच बुटकी, साहेब. कितीबी खाऊ घाला, अंगी लागत न्हाई."

अंगणवाडीच्या बाई हे हसत हसत बोलल्या. बाहेरच्या भिंतीवर मापाची पट्टी रंगवलेली होती. तिला टेकून माझी धाकटी बहीण छबी उभी. तिच्या वयाच्या गावातल्या पोरी तिच्याहून हातभर उंच. मोजमापाला आलेले साहेब मान डोलवून म्हणाले, "असतं, असतं. वंशच असतो तसा." गावातली पोरं फिदीफिदी हसली. आम्ही बौद्धवाड्यातली, पायरीखाली बसलेलो. छबीपण हसली. तिला वाटलं, आपलं कौतुक चाललंय. ते हसणं मला अजून सोसत नाही.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. आमचं गाव शिरूर अनंतपाळकडचं. दुष्काळ असा, की विहिरीत नुसता गाळ. माय रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायची. पण तिला लई भरवसा. म्हणायची, "आता जिल्हा जवळ आला. साहेब लोक येतील, लेकरांचं बघतील." सरकारची सुकडी पोत्यांनी यायची. भाजलेलं पीठ, गूळ, अन् लेकरांची वाढ व्हावी म्हणून त्यात ताकदीची पूड. आमच्या हातावर बाई चिमूटभर टाकायच्या, तीही वरून. शिवायला नको ना! मग म्हणायच्या, "सपलं पोतं. पळा."

मायला मात्र त्यांनी वेगळंच सांगितलं. "गया, तुझी पोरगी सुकडी थुंकून टाकते गं. मी तरी काय करू?"

शिकलेली, गोड बोलणारी बाई खोटं कशाला बोलेल? मायनं घरी येऊन छबीला बडवलं. "सरकार देतंय अन् तुला माज आलाय व्हय?" छबी रडत म्हणत होती, "मी खाते गं माय, मिळतच न्हाई." मायनं ऐकलं नाही.

उन्हाळ्यात मी बाईंच्या गोठ्यात शेण उचलायला जाऊ लागले. आत पाऊल टाकलं अन् ओळखीचा वास आला. म्हशीपुढं घमेलं, त्यात काठोकाठ सुकडी. बाईंची सासू धार काढत होती. म्हणाली, "लई नखऱ्याची हाय ही. सुकडी बघितल्याबिगर पान्हाच सोडत न्हाई." माझ्यापासून लपवावं असंही तिला वाटलं नाही. शेण उचलणाऱ्या पोरीला कोण लाजतं?

ही आमची ताकद, अन् खाते म्हैस!

पुढच्या मोजमापाच्या दिवशी परकराच्या ओच्यात घमेल्यातली सुकडी भरून नेली. बाई छबीला लांबूनच पुन्हा भिंतीला टेकायला सांगत होत्या. मी पायरी चढले. आमच्यातलं कुणी ती कधी चढलं नव्हतं. साहेबांच्या टेबलावर ओचा रिकामा केला. सुकडीला कडब्याची कुट्टी अन् म्हशीची लाळ लागलेली.

"छबीला काय मोजता, साहेब? बाईंची म्हैस मोजा."

कुणी हसलं नाही. बाई पांढऱ्याफटक पडल्या. मला वाटलं, आता साहेब उठतील, गोठ्यात जातील. त्यांनी रुमालानं टेबल झटकलं. म्हणाले, "कुणाची पोरगी आहे ही? आवरा हिला." मग चहा आला. त्याच म्हशीच्या दुधाचा. साहेबांनी फुंकर मारून सगळा प्याला.

त्या दिवशी माय छबीला मांडीवर घेऊन बसली. "मी हिला मारलं गं," एवढंच बोलली. जिल्ह्याचं नाव पुन्हा कधी तिच्या तोंडून आलं नाही.

छबीची वाढ खुंटली ती खुंटलीच. बाळंतपणात अडली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लहानपणी पोषण नाही, हाडं अरुंद राहिली. पोट फाडावं लागलं. वंश म्हणे!

आज त्याच गावची अंगणवाडी माझ्याकडं आहे. पोतं आलं की भर चौकात, सगळ्या आयांच्या डोळ्यांदेखत फोडते. नवे साहेब म्हणतात, आत ठेवा. मी ठेवत नाही. म्हणतात, वर कळवीन. म्हटलं, कळवा.

बाई आता म्हाताऱ्या झाल्यात. परवा चौकात भेटल्या, माझा हात धरला. "झालं गेलं विसर गं आता."

मी हात सोडवून घेतला. "छबीची उंची आणून द्या, बाई. मग विसरते."

अन् सुतळी ओढून पोतं फोडलं.