भुंग्याच्या रंगाची साडी

सकाळी तापीच्या वाळूत फिरायला गेलो, तर एक गृहस्थ ओणवे होऊन पळत होते. हातात साडीच्या कापडाच्या हिरव्या चिंध्या होत्या. त्यांच्यापुढे एक चकचकीत हिरवा भुंगा सुसाट धावायचा आणि मध्येच थबकायचा. तो थबकला की हे त्याच्या शेजारी चिंधी धरायचे, आणि भुंगा पुन्हा पसार!

"भाऊ, हालू नका! तुमना बूटजवळ शे तो!" ते माझ्यावर खेकसले. बँकेतला माणूस मी, निमूटपणे एका पायावर उभा राहिलो.

धापा टाकत त्यांनी सांगितलं, ते डिंडोलीचे, कापड रंगवायच्या मिलमध्ये कामाला. पोरीनं इथं हा भुंगा पाहिला आणि हट्टच धरला, लग्नात साडी नेसेन तर याच रंगाची.

मग मीही एक चिंधी घेतली. दोघंही वाळूत रांगलो. शेवटी भुंगा माझ्या सावलीत येऊन थांबला. गृहस्थांनी वाळूला गाल टेकवून त्याला नीट न्याहाळलं आणि चिंध्या खिशात कोंबल्या.

"उन्हात हिरवा, सावलीत निळा. आमना मिलमा असा माल रिजेक्ट व्हस, भाऊ. पोरीला सांगतो तसं."

ते तरातरा निघून गेले. भुंगा मात्र जागचा हलला नाही. बिचाऱ्याला आजवर कुणी नापास केलं नसावं.