पडद्यावरचे काळेराव

चहा होईपर्यंत ऐका, पण ऐकून झाल्यावर मला शहाणा म्हणायची तुमची सवय मोडली तर ती जबाबदारी माझी नाही. लोक आपल्या हातानं आपलं नुकसान गुपचूप करून घेतात. मी ते लाऊडस्पीकरवरून केलं, सगळ्या गावाला नीट ऐकू जाईल असं.

तेव्हा मी परंडा तालुक्यात, सोनारीच्या अलीकडच्या एका गावात, विकास सोसायटीत क्लार्क होतो. क्लार्क दोन. एक मी, सूर्यवंशी. समोर काळे. टेबल एक, दौत एक, आणि रिकामी होणार असलेली सेक्रेटरीची खुर्चीही एकच. जुने सेक्रेटरी निवृत्त होत होते. त्यांच्या जागी आमच्यापैकी कुणाला बसवायचं, हे सोमवारी संचालक मंडळ ठरवणार होतं.

आता यात ठरवण्यासारखं काय होतं, तुम्हीच सांगा. मी वाचनालयातलं कपाट दोनदा संपवलेला माणूस. काळे गोल, सावळा, आणि त्याच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे आडातून रिकामी बादली ओढल्यासारखं. पण गावाला तोच आवडायचा. माणूस दारात यायचा, थेट माझ्याकडं बघायचा आणि विचारायचा, "आज कुणीच न्हाय का हापिसात?" असं वर्षभर झालं की आपण आहोत की नाही, याचीच शंका यायला लागते. एकदा घरी आरशात बघून मी खात्री करून घेतली. होतो.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. गाव दिवसभर सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायचं आणि संध्याकाळी तिथंच मिळालेली सुकडी खाऊन आभाळाकडं बघत बसायचं. धूळ इतकी, की दिवेलागणीला घरं जमिनीपासून वीतभर वर तरंगल्यासारखी दिसायची. माणसंही तशीच, अर्धी झोपेत चालणारी. कुणी कुणाला हाक मारली तर ती लांबून, पाण्याखालून आल्यासारखी वाटायची. पाणी नव्हतं, तरी.

अशा एका शनिवारी सिनेमा दाखवणारी सरकारी गाडी आली. शाळेपुढं पडदा बांधला. आधी लसीकरणाचा सिनेमा झाला, मग खताचा. तिसरी रीळ चढवली तर कार्टून निघालं, कुठल्यातरी थंड मुलखातलं. चित्रं हलत होती, बोलत होती, पण एक शब्द कळेल तर शपथ.

"हे काय बोलाय लागलंय?" चेअरमन अण्णांनी ऑपरेटरला विचारलं.

"डब्यात चुकून आलंय, अण्णा. बंद करतो."

"थांबा," मी उठून म्हणालो. "मला कळतं. माइक द्या."

मला काहीही कळत नव्हतं. पण अण्णा चेअरमन होते आणि सोमवार दोन दिवसांवर होता.

गोष्ट तशी चित्रांवरूनच समजत होती. गिरणीच्या धुराड्यातून एक काळा ढग बाहेर पडतो. पांढरे ढग त्याला जवळ उभं करत नाहीत. तो तळ्यावर वाकतो, आपलं रूप बघतो, आणि आपण धूर आहोत की ढग, हे त्याला ठरवता येत नाही. वर सूर्य, हसरा आणि गुटगुटीत. पोरं त्याला हात हलवतात. ढगाला ते बघवत नाही. तो जळतो, फुगतो, आणखी काळा होतो.

खरं सांगतो, तळ्यात बघणारा तो ढग मला जरा जवळचा वाटला. पण माइक हातात आला की माणसाला सहानुभूती परवडत नाही.

"मंडळी," मी म्हणालो, "हा सूर्य. आपल्या सूर्यवंशींच्या घराण्यातला. सगळ्यांचं भलं करणारा. आणि हा जो हेवा करणारा दुष्ट आहे ना, याचं नाव काळेराव."

लोक हसले. काळे काय करतोय म्हणून मी पाहिलं. तो शाळेच्या भिंतीला टेकून गाढ झोपला होता.

पडद्यावर ढग वाढत गेला. त्यानं सूर्य झाकला, गाव झाकलं, डोंगर झाकले. सगळीकडं अंधारून आलं. आता लोक काळेरावांना शिव्या घालणार म्हणून मी थांबलो. मग पुढं बसलेली म्हातारी सोजरबाई हळूच म्हणाली, "कसा भरून आलाय गं बाई."

"मावशी, तो दुष्ट आहे," मी माइकवरून समजावलं.

"असू दे की. लई दिसानं आलाय, त्याला नावं ठेवू नगा."

तिथंच गप्प बसायला हवं होतं. पण सूर्यानं बाण सोडायला सुरुवात केली, तेरखेड्याचं दारूकाम उडावं तसे, आणि मला चेव आला. "बघा, सूर्यवंशी काळेरावांना कसे हाकलून लावतात!"

"सूर्यवंशी, दमा जरा," मागून आवाज आला. "दोन वर्सं तुमीच तळपताय."

"व्हय, एक डाव काळेंना येऊ द्या की," दुसरा म्हणाला.

ढग फाटला. फाटता फाटता रडला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाऊस सुरू झाला. तेव्हा कुठं त्याला कळलं की आपण धूर नव्हतो.

सगळं मैदान निश्चल झालं. गाडीच्या झोतात धूळ चमकत खाली येत होती, आणि पाऊस पडद्यावर पडतोय की आमच्यावर, हे कळेनासं झालं. सोजरबाईनं तळहात पुढं केला. तिच्या मागं अख्ख्या रांगेनं केला. मला ओल्या मातीचा वास आला, अगदी स्पष्ट, आणि माझाही हात आपोआप पुढं झाला. त्या हातात माइक होता आणि मी झोताच्या अगदी कडेला उभा होतो, त्यामुळं पडद्यावर एक मोठा काळा हात पावसाला आडवा गेला.

"आता पावसाला बी आडवं जाताय का, भाऊसाहेब?" अण्णांचाच आवाज.

मी हात काढेपर्यंत ढग संपला होता. सूर्य दात काढून हसत होता. लोक चिडले. पाऊस परत दाखवा म्हणाले. ऑपरेटरनं रीळ उलटी फिरवली, तर पडलेला सगळा पाऊस सरसर वर जायला लागला.

"अगं आई, पाणी वर कोण न्यायला लागलं?" सोजरबाई म्हणाली.

"कोण नेणार दुसरं?" मागून उत्तर आलं. "सूर्यवंशी."

सोमवारी संचालक मंडळाची बैठक चहा गार व्हायच्या आत संपली. अण्णा बाहेर आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमच्याइतकं शिकलेलं गावात कुणी न्हाय, भाऊसाहेब. पण आवंदा तरी सूर्यवंशी नको, असं लोकांचं म्हणणं पडलं."

काळे सेक्रेटरीच्या खुर्चीत बसला. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "सूर्यवंशी, परवा मला झोप लागली हो. त्या ढगाचं शेवटी काय झालं?"

"सेक्रेटरी झाला."

"आन् सूर्याचं?"

"त्याला क्लार्कच ठेवलाय."