दहापैकी किती

आईच्या मणक्याच्या ऑपरेशनला एक दिवस झाला होता. भूल पूर्ण उतरली होती. सकाळी सिस्टर आल्या आणि त्यांनी विचारलं, "आजी, दहापैकी किती दुखतंय?"

आईनं आधी माझ्याकडे बघितलं. मी फोनवर ऑफिसचे मेसेज वाचत होतो.

"दोन," ती म्हणाली.

मला हायसं वाटलं, अकरापर्यंत निघता येईल म्हणून. सिस्टरांनी मात्र दोन लिहिलं नाही. त्या आईच्या हाताकडे बघत होत्या. पलंगाची दांडी तिनं इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती.

"तुम्ही जरा बाहेर थांबा," त्या मला म्हणाल्या.

पडद्याबाहेर उभा असताना मला वाटलं, आई आयुष्यभर माझा चेहरा बघूनच आपलं दुखणं सांगत आली. ताप असला की "थोडी कणकण आहे रे." आणि मी ते खरं मानत आलो, कारण तेच सोयीचं होतं.

आतून सिस्टरांचा आवाज आला, "आता सांगा, आजी."

"नऊ," आई म्हणाली. मग हळूच, "पण त्याला सांगू नका हं. त्याला ऑफिसला जायचंय."