पूजेत जोडलेली डिस्क

आमच्या घराण्याची मोडी लिपीतील बाडे मी सहा वर्षे बसून देवनागरीत उतरवली आणि देवासच्या घरी संगणकावर टंकित केली. कुलाचार, श्राद्धाचे क्रम, संस्थानात नोकरीस असलेल्या पूर्वजांच्या नोंदी, सारे त्यात होते. काम पुरे झाल्यावर वाळवीने खाल्लेली मूळ बाडे मी नेमावरला नर्मदेत विसर्जित केली. धारला राहणाऱ्या धाकट्या भावाने विरोध केला होता. त्याचे मत मी विचारलेले नव्हते.

संगणकातील मजकुराची एक प्रत मी वेगळ्या डिस्कवर ठेवीत असे. ती एरवी कपाटात. खंडेनवमीला संगणकाची पूजा मांडताना मात्र मी ती काढून त्याला जोडली, कारण पूजेत हत्यार अपुरे मांडू नये, असा आमच्याकडील दंडक. पूजलेली वस्तू दसऱ्यापर्यंत हलवीत नाहीत, चालवीतही नाहीत. हळदकुंकू वाहिले, संगणक बंदच ठेवला आणि जेवायला बसलो.

सणासाठी भाऊ आला होता. तो माझ्याआधी पानावरून उठला. मी हात धुऊन आलो तेव्हा तो संगणकापुढे बसलेला. नातीच्या जन्मपत्रिकेसाठी कोणाकडून तरी फुकट मिळालेला प्रोग्राम त्याने पेन ड्राइव्हवर आणला होता.

"पूजेतले यंत्र चालवतोस?"

"दादा, ही काय तलवार आहे? तुमचा अँटीव्हायरस सारखी कटकट करत होता, तो बंद केला."

सायंकाळपर्यंत प्रत्येक फाइलच्या नावाला एकच अनोळखी शेपूट लागले. एकही उघडेना. फायली उघडायच्या तर पैसे भरा, अशी खंडणीची सूचना पडद्यावर आली. डिस्क अजून जोडलेलीच होती, तिच्यावरही तेच. मी तार ओढून काढली. उशीर झाला होता.

दुरुस्ती करणाऱ्याने दुसऱ्या दिवशी तपासून सांगितले, "बाबूजी, इसकी चाबी किसी के पास नहीं है. सब मिटाकर सिस्टम नया डालना पड़ेगा. पर ये डिस्क लगी क्यों छोड़ी थी?"

"पूजा थी."

"किसकी?"

"इसी की."

तो हसला नाही. त्याबद्दल मी त्याचा आभारी आहे.

त्याने सर्व पुसले, सिस्टम नव्याने बसवली आणि पासवर्ड बदलावयास लावले. रोजच्या वापरासाठी वेगळे खाते उघडून दिले. त्यातून नवा प्रोग्राम बसत नाही. संगणक निरोगी झाला. आत काही नव्हते.

भावाला पडद्यावर वाचवत नाही. म्हणून त्याने मागे माझा सगळा मजकूर कागदावर छापून घेतला होता, आणि कागद नासतोस म्हणून मी त्याला चारचौघांत बोललो होतो. आता तेवढेच उरले होते. मी फोन केला.

"तो गठ्ठा पाठवून दे."

"नाही पाठवणार. आधीचे कागद तुम्ही नर्मदेत सोडलेत. टाईप करायचे तर इथे या. माझ्यासमोर बसून करा. अन् एक डिस्क माझ्या कपाटात राहील."

दर मंगळवारी मी बसने धारला जातो. तो समोर वर्तमानपत्र घेऊन बसतो, दहा पाने देतो, ती परत घेतल्याखेरीज पुढची देत नाही. काम संपले की डिस्कची तार काढून तो तिला कुलुपात ठेवतो. किल्ली त्याच्याकडे. मी अट पाळतो. त्याला क्षमा केलेली नाही. त्याने ती मागितलेलीही नाही.