बातमी देणाऱ्याचं नाव

आमच्या वन्संना कुठलीही गोष्ट सांगा, त्या आधी विचारतात, "कुणी सांगितलं?" उद्या दूध उशिरा येणार म्हटलं तरी कुणी सांगितलं, कोपऱ्यावरचं दुकान बंद होतंय म्हटलं तरी कुणी सांगितलं. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटलं, नणंद महासंशयी आहे, आपलं काही खरं नाही. पुढं त्यांनीच मला आपल्या रेडिओ केंद्रात टेलिफोनवर बसवलं, तेव्हा त्या प्रश्नाचं मूळ कळलं.

केंद्र लहानसं. बाजारातल्या इमारतीचा वरचा मजला, खाली चष्म्यांचं दुकान. जिना असा की कुणी वरून येत असेल तर चढणाऱ्यानं भिंतीला चिकटायचं. वन्सं सकाळच्या बातम्या वाचायच्या. मी त्यांना कामावरही वन्संच म्हणायची. तोंडात बसलेलं, सुटणार कसं? ऐकून ऐकून इंजिनिअर म्हणायला लागला, मग चष्मेवाले, मग अख्खं गाव. चांगले मिशीवाले बाप्ये रस्त्यात थांबून "काय वन्सं, आज काय नवीन?" विचारायचे. त्या हिशेबानं सगळ्या गावाशी माझं काय नातं लागतं, त्याचा विचार मी कधी केला नाही.

तर मूळ. मी यायच्या आधी कुणीतरी फोनवर कळवलं, बेकरीवाले वारले. वन्संनी तसं वाचलं. थोड्या वेळानं बेकरीवाले स्वतः जिना चढून आले, कोपरापर्यंत पिठानं माखलेले, आणि म्हणाले, "मी गेलो हे निदान मला तरी कळवायचंत!" सगळे पोट धरून हसले. वन्सं हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक बातमीच्या शेवटी ती देणाऱ्याचं नाव सुरू झालं. पूल दुरुस्तीसाठी बंद राहील, ही माहिती पुलावरच्या मुकादमांनी दिली. शाळेची भिंत पडली, कुणाला लागलं नाही, हे मुख्याध्यापिकाबाईंनी स्वतः सांगितलं. नाव नाही तर बातमी नाही. फोनवर ते नाव काढून घ्यायचं काम माझं, आणि त्यापायी मी लोकांच्या शिव्याही खाल्ल्या आहेत. म्हातारे मालक कुरकुरायचे, पण वन्संच्या वाटेला जायचे नाहीत.

मालक थकले आणि त्यांनी केंद्र विकलं. घेणारी कंपनी एवढी मोठी की तिची एकूण केंद्रं किती, हे तिच्या साहेबांनाही पटकन सांगता येईना. नदीपलीकडचं रेडिओ केंद्र तिनं आधीच घेतलं होतं, पाठोपाठ गावचं टीव्ही केंद्रही घेतलं. आमच्याकडे गालिचा आला, नव्या खुर्च्या आल्या, कॉफीचं यंत्र आलं. बातम्याही आल्या, बाहेरून, तयार. कुठलंही बटण दाबा, तोच माल. वन्संकडे उरली ती सकाळची गावासाठीची दहा मिनिटं. तीही काढायला निघाले होते, पण ती दहा मिनिटं सगळं गाव ऐकतं हे त्यांना कुठूनतरी कळलं आणि एकदम त्यांचा जीव वन्संवर जडला.

कारण उघड होतं. एका गावात एकाच कंपनीच्या हाती किती केंद्रं असावीत, याला मर्यादा घालणारा कायदा येऊ घातला होता. तो झाला तर कंपनीला आमच्याकडचं एखादं केंद्र सोडावं लागणार होतं. एक दिवस साहेब कागद घेऊन आले. तरुण, गोड बोलणारे, माझ्या टेबलाच्या कडेला टेकून उभे राहिले.

"उद्या सकाळी हे मनोगत वाचायचं, बाई. शब्द न् शब्द. काही गाळायचं नाही."

वन्संनी चष्मा चढवला आणि मोठ्यानं वाचलं, "मी तुमच्या शेजारी राहणारी, तुमच्यासारखीच साधी व्यक्ती आहे. हा कायदा झाला तर माझं छोटंसं केंद्र बंद पडेल, या काळजीनं मला रात्र रात्र झोप येत नाही." मला हसू आवरेना. आमच्या दोघींच्या खोल्यांमध्ये एकच भिंत आहे. वन्सं कशा घोरतात याची साक्ष मी कोर्टात द्यायला तयार आहे.

"कुणी लिहिलं?" वन्संनी विचारलं.

"कंपनीनं."

"कंपनीला हात असतात होय? माणसाचं नाव सांगा."

"टीमनं लिहिलंय हो. सगळीकडे हेच जाणार आहे. नदीपलीकडे आठला, टीव्हीवर नऊला. लोकांचा तुमच्यावर विश्वास आहे बाई, म्हणून तर पहिला मान तुमचा."

साहेब गेल्यावरही वन्सं कागदाकडे बघत होत्या. रागावल्या की त्या बोलत नाहीत, नुसता चष्मा पुसतात. त्या दिवशी चष्मा पुसून पुसून झिजला असेल.

संध्याकाळी जेवताना आमच्या ह्यांची पाचावर धारण बसली. हे स्वभावानं इतके गरीब की दूधवाल्यानं माप कमी घातलं तरी भांडं पुढं करून "थोडं राहिलं वाटतं" एवढंच म्हणणार. "ताई, वाचून टाक ना," हे म्हणाले. "दोन मिनिटांचं काम. उगाच कशाला पोटावर पाय आणून घेतेस? आणि तुझ्याबरोबर हिचीही नोकरी जाईल."

वन्संचा घास हातातच राहिला. त्या माझ्याकडे वळल्या. "ते मात्र खरं आहे गं. माझं मी बघेन, पण तुझं काय? तू म्हणशील तर वाचते मुकाट्यानं."

मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू? घर दोन बायकांच्या पगारावर चाललं होतं. पण त्याहून जास्त संताप आला. इतकी वर्षं मी एकेकाला नाव विचारत फोनवर घसा कोरडा केला, आणि या कंपनीच्या कागदाला बाप नको? मी म्हटलं, "वन्सं, तुम्ही झोप येत नाही म्हणालात ना, तर उद्यापासून तुमचं घोरणं मी रेडिओवर लावीन."

दुसऱ्या दिवशी साहेब काचेपलीकडे हाताची घडी घालून उभे होते. वन्संनी मनोगत वाचलं. सावकाश, स्वच्छ, एक शब्द न गाळता. साहेबांनी समाधानानं मान डोलावली आणि ते कॉफीच्या यंत्राकडे वळले. तेवढ्यात वन्सं पुढं बोलल्या.

"हे मनोगत कंपनीच्या मुख्य कचेरीतून आलं. लिहिणाऱ्याचं नाव मी विचारलं, ते मिळालं नाही. यात 'मी' म्हणणारी व्यक्ती मी नव्हे. केंद्र माझं नाही, कंपनीचं आहे, आणि मला झोप छान लागते. हेच मनोगत आठ वाजता नदीपलीकडच्या केंद्रावर आणि नऊ वाजता टीव्हीवर आहे. जरूर ऐका."

गावानं ऐकलं. आठ वाजता एक निवेदक काळजीनं झोपत नव्हता, नऊ वाजता टीव्हीवरची मुलगी त्याच शब्दांत झोपत नव्हती. माझा फोन घणघणायचा थांबेना. बेकरीवाल्यांनी तर विचारलं, "यांना सगळ्यांना मिळून एक पाळणा पाठवू का?"

साहेबांचा गोडवा आटला होता. दुपारी ते दुसरा कागद घेऊन आले. "बाई, उद्या ही माफी वाचा. विषय संपवू."

वन्संनी कागद हातातही घेतला नाही. "माफी माझी, आणि लिहिलीत तुम्ही?"

"मग उद्यापासून येऊ नका."

वन्संनी आपली उशी उचलली, पाठीसाठी खुर्चीला लावलेली, आणि आपला कप. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमचा काही प्रश्न नाही हं. तुम्ही बसा."

"कशी बसू?" मी म्हटलं. "आमचा डबा एकच आहे." आणि मी टेलिफोनचा रिसीव्हर बाजूला काढून ठेवला. बसू दे म्हटलं मुख्य कचेरीला फोन फिरवत.

जिना उतरताना वन्संनी कठडा धरला. मी उशी घेतली. घरी आल्यावर हे आमच्याकडे बघत राहिले, मग चहा टाकायला उठले. चहात साखर विसरले, पण टाकला.

वन्सं चार दिवस रेडिओकडे पाठ करून बसल्या. म्हणायच्या, "मी दोन-चार वाक्यं बोलले, त्यानं काय झालं गं? कंपनी जिथल्या तिथं, आणि तुझी नोकरी गेली." हे मला सगळ्यात झोंबलं.

पाचव्या सकाळी ह्यांच्याबरोबर पाव आणायला गेले. बेकरीत रांग होती, फळीवर रेडिओ चालू होता. आता मुख्य कचेरीतूनच एक लाडिक आवाज यायचा, हे गाव जन्मात न पाहिलेला. रांगेत पुढं साहेब उभे होते. आवाज म्हणाला, "आपल्या केंद्राच्या नव्या रूपावर गावकरी अत्यंत खूश आहेत."

"कुणी सांगितलं?"

मी दचकून पाहिलं. आमचे हे! मान लाल झालेली, पिशवी छातीशी घट्ट धरलेली, पण आवाज असा की भट्टीजवळचा माणूसही वळला. "साहेब, तुम्ही इथंच आहात म्हणून विचारतो. खूश आहोत, हे कुणी सांगितलं? नाव काय त्याचं?"

मागून चष्मेवाले म्हणाले, "मी नाही बुवा सांगितलं." मग त्यांच्या मागची बाई म्हणाली, "मीही नाही." रांग शेवटपर्यंत तेच म्हणत गेली. बेकरीवाले पिठाचे हात कमरेवर ठेवून वाट बघत होते. साहेबांनी पाव घेतला आणि मान खाली घालून निघून गेले.

मी जवळजवळ पळतच घरी आले. वन्सं खिडकीशी होत्या. धापा टाकत म्हटलं, "वन्सं, तुमच्या भावानं साहेबांना भर बेकरीत नाव विचारलं! आणि त्यांच्या मागून सगळ्या रांगेनं!"

वन्संनी चष्मा काढला. पुसायला पदर घेतला, पण हात तसाच राहिला. "माझ्या भावानं? कुणी सांगितलं?"

"मी," मी म्हटलं. "तुमची भावजय. स्वतः रांगेत उभी होते."