फक्कीचा चौकोन

आता तुमच्यापासून काय लपवायचं! पण आधी चहा संपवा, नाहीतर ऐकताना घोट घशात अडकेल. माझ्या घशात अजून अडकलेला आहे.

मी खेळाचा मास्तर. अर्धं आयुष्य कबड्डीची मैदानं आखण्यात गेलं. रविवारी लेकीला बघायला शिरोळचे पाहुणे येणार होते. घरात नवे पडदे लागले, भांडी चकाचक झाली, आणि राजारामपुरीतल्या आमच्या दारातला रस्ता मात्र चाळण!

नेमकी तेव्हाच बांधकाम खात्याची माणसं गल्लीत आली. मुकादमानं खड्ड्यांभोवती पांढऱ्या फक्कीनं चौकोन मारले आणि म्हणाला, "चौकोनात जेवढं येतंय, तेवढं नवं हुतंय बघा."

शेजारच्या शिंद्यांच्या दारात ऐसपैस चौकोन. आणि माझ्या दारात? पाटाएवढा! आता तुम्हीच सांगा, पाहुणे कुणाकडे येणार होते? शिंद्यांकडे?

"आवो, खात्यात जाऊन सांगा की," बायको म्हणाली.

"बघतो," म्हटलं. आणि बघितलंच!

शुक्रवारी दुपारी गल्ली जेवून घोरत होती. मी माळ्यावरची मैदान आखायची फक्की काढली, दोरी ताणली आणि त्या पाटाभोवती माझा चौकोन मारला. फाटकापासून थेट वळणापर्यंत, अख्खा रस्ता! अहो, हात एकदा चालायला लागला की थांबतोय होय? मग निवांत कोडोलीला बहिणीकडे गेलो आणि तिथं फुशारकी मारली, "रविवारी येच तू, दारात डांबराचा गालिचा असेल!"

शनिवारी परत आलो तर वळणावरच रिक्षावाल्यानं ब्रेक मारला.

"पावणं, फुडं रस्ताच न्हाय."

"न्हाय म्हंजे? काल हुता की!"

उतरून बघतो तर काय! फाटकापासून वळणापर्यंत रस्ता उपसून काढलेला. गुडघाभर खोल! शिंद्यांच्या दारात डांबर भरून रोलरसुद्धा फिरलेला, आणि माझ्या दारात नुसती माती.

मी मुकादमाला गाठलं. "अवो, खोदलासा कशाला?"

"खोदल्याबिगर नवा कसा हुईल, सर? सडका रस्ता उचकटायचा, खडी दाबायची, मग डांबर. चौकोन मोठा दिसला. वाटलं, सायबानी वाढवला आसंल."

"मग भरा की लगेच!"

"डांबर संपलं की वो. एवढं लागंल कुणाला ठावं? आता सोमवारी."

सोमवारी! माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. घरात लेकीनं साडीची घडी मोडून परत घातली आणि ती आत गेली. ते बघून तर माझा जीवच तुटला.

"कुठल्या मुडद्यानं वो एवढा चौकोन मारला?" बायको कडाडली.

मी उरलेली फक्की गुपचूप माळ्यावर आणखी आत सरकवली. रात्री जेवण जाईना.

रविवारी मुकादमाला हातापाया पडून फळ्या टाकायला लावल्या. मुलाचे वडील आप्पासाहेब धोतर सावरत, फळीवरून तोल सांभाळत आत आले. पोहे झाले, चहा झाला, मुलगी पसंत दिसत होती. पण उठताना म्हणाले काय, तर "कळवतो." झालं! नक्की त्या खड्ड्यानं घात केला!

सगळे बाहेर आलो. मुकादम फळीजवळ उभाच होता. पाहुण्यांसमोर आपली बाजू मांडायची म्हणून मी त्याच्यावर तोफ डागली.

"लाज हाय का तुमच्या खात्याला? कुणी मारला हा चौकोन? आँ?"

"आमचा न्हाईच त्यो, सर. रात्रभर इचार केला मी. कोणतरी अडाण्याचं काम हाय. बघा की, त्या कोपऱ्यात रेघ पार वाकडी गेलीया."

"वाकडी?" मी ओरडलो. "दोरी लावून मारलीया मी! काटकोनात हाय काटकोनात!"

बायकोनं कपाळाला हात लावला. मुकादमाचा आ वासलेला. लेकीनं पदराआड तोंड लपवलं, ती रडतेय का हसतेय तेही कळेना. मला वाटलं, उडी मारावी त्याच खड्ड्यात.

फळीवर मधोमध उभे राहिलेले आप्पासाहेब हळूच मागे वळले. एकदा खड्ड्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"सर," ते म्हणाले, "सोयरीक पक्की. पर लगीन आमच्या दारात. आन् मांडवाची आखणी आमी करणार, तुमी फकस्त अक्षता टाकायला यायचं!"