अर्धा मिलीबाई

आमच्या शवागारातून बदली मागणारे पुष्कळ. इथं बदली मागून आलेली ती एकटीच. शवविच्छेदनाआधी मृतदेहाचं सीटी स्कॅन करायची पद्धत आमच्याकडे सुरू झाली, त्याच महिन्यात ती रुजू झाली. त्याआधी दवाखान्यात जिवंत माणसांचे एक्स-रे काढायची. मी तिच्या जोडीचा तंत्रज्ञ. मला वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय.

कारण तिनंच सांगितलं, चहा पिता पिता, अगदी सहज. तिची थोरली बहीण जिन्यावरून पडून गेली होती. निदान कागदावर तरी तसं होतं. तेव्हा हे मशीन नव्हतं. डॉक्टरांनी डोकं पाहिलं, छाती पाहिली आणि सही ठोकली.

"गळ्याकडं कुणी बघितलंच नाही," ती म्हणाली. "नवऱ्यानं मारलंय तिला. पण मला माहीत असून काय उपयोग?"

बहिणीचं आता तपासायला एक हाडसुद्धा उरलं नव्हतं.

तेव्हापासून तिचा एकच हट्ट: काप अर्ध्या मिलीमीटरचेच हवेत. हे मशीन शरीराची चित्रं कापाकापानं घेतं. काप जाड ठेवला की काम झटपट उरकतं, पण हाडाला गेलेला बारीक तडा त्यात पुसला जातो. मी जाड कापांचा माणूस. माझं म्हणणं, मेलेल्याला घाई नसते, पण मला असते. यावरून आमची रोज जुंपायची. साहेबांच्याही तिनं नाकी नऊ आणले, तरी नियम काही झाला नाही. ज्यानं त्यानं आपापल्या पद्धतीनं काम करायचं. आम्ही तिचं नाव पाडलं, अर्धा मिलीबाई.

अशी अकरा वर्षं गेली. मग एका सकाळी एक कागद आला. बाई, वय चौतीस, जिन्यावरून पडून मृत्यू. खाली नवऱ्याचं नाव. तिनं ते वाचलं आणि तिचा चेहरा असा उजळला, की मला भीतीच वाटली.

"सापडला," ती म्हणाली. "दुसरीलाही जिन्यावरूनच पाडलंय मेल्यानं. डोकंसुद्धा चालवलं नाही."

हातमोजे घालून ती खुर्चीत बसली. आता हिला इथून कोण उठवणार, असं मला वाटलं. बटणापर्यंत गेलेला हात तिनं मागं घेतला आणि ती उठली.

"तू कर."

"मी?"

"मी हात लावला तर त्याचा वकील म्हणेल, मेहुणीनं सूड घ्यायला चित्रं बदलली. आणि हा सुटेल. मला तो सुटायला नकोय."

नोंदवहीत तिनं नातं लिहिलं, वेळ टाकली, सही केली. दाराशी थोडी थांबली. काप कितीचे ठेवायचे, एवढंच तिला सांगायचं होतं, हे मला कळत होतं. पण तिनं तेही गिळलं आणि बाहेर गेली. जन्माचं वैर माझ्यासारख्या कामचुकाराच्या हवाली करून गेली. माझी मलाच लाज वाटली.

खोटं कशाला बोलू, सवयीनं हात जाड कापांकडेच गेला होता. मी तो आवरला आणि अर्ध्या मिलीमीटरवर आणला.

आमच्या डॉक्टरबाईंनी पडद्यावर एकेक काप पाहिला. मग त्यांनी बोट ठेवून दाखवायला सुरुवात केली. चार बरगड्या मोडून जुळलेल्या, त्याही एका वेळी नाही. हाताचं हाड जुळलेलं. वार अडवायला हात वर केला की मोडतं, तिथंच. आणि जिभेखालच्या छोट्या, वाकड्या हाडाला केसाएवढा ताजा तडा.

"हे जिन्याचं काम नाही," त्या म्हणाल्या. "गळा आवळलाय. हवालदारांना बोलवा."

मी बाहेर आलो. तो नवरा बाकावर डोळ्यांना रुमाल लावून बसला होता, शेजारी हवालदार. समोरच्या भिंतीला टेकून ती उभी होती. त्यानं मान वर केली आणि तिला ओळखलं.

"तू इथं?" तो हवालदाराकडे वळला. "साहेब, ही माझ्यावर डूख धरून आहे. हिनं काढलेलं काही खरं धरू नका!"

"डूख आहेच, भाऊजी," ती म्हणाली. आवाज जराही चढला नव्हता. "तुमचं वाटोळं व्हावं असं मला रोज सकाळी वाटतं. म्हणूनच मी आत थांबले नाही. जे काही निघालंय, ते यानं काढलंय. आणि याचं तुमच्याशी काही वाकडं नाही."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी हवालदाराला आत बोलावलं. पाच मिनिटांनी हवालदार बाहेर आला तो त्याचं मनगट धरायलाच. गाडीत बसेपर्यंत ती त्याच्याकडे डोळे भरून बघत होती. गाडी गेली आणि ती बाकावर बसली.

"एकीचं झालं," ती म्हणाली. "ताईच्या कागदावर अजून जिनाच आहे."